डोमिनिकाच्या युजीनियाबाई

(दरवर्षी ८ मार्च हा जागतिक महिला दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेच्या सभेत एका शिक्षिकेने मुलांसमोर केलेले हे भाषण आहे. समुद्राने वेढलेल्या एका लहानशा देशाचा कारभार जवळजवळ पंधरा वर्षे सांभाळणाऱ्या एका बाईंची ओळख या भाषणातून होते. पाठ आधी मनात वाचा. मग भाषण करत आहोत अशा आवाजात वर्गासमोर वाचा.)



आज महिला दिन. चार दिवसांनी, १२ मार्चला, आपल्या मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन आहे. त्या दिवशी आपण आपला चार रंगांचा झेंडा फडकावणार आहोत. त्याआधी आज मी तुम्हांला आपल्यासारख्याच एका बेटावरच्या बाईंची गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट कल्पनेतली नाही, खरी आहे.

पण आधी एक प्रश्न विचारते. समजा, वर्गात काही चुकीचे घडत आहे. तुम्हांला ते दिसते आहे. तेवढ्यात कोणीतरी दरडावून सांगितले, "जो याविषयी बोलेल, त्याला शिक्षा होईल." मग तुम्ही काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. प्रश्न मनात ठेवा आणि गोष्ट ऐका.

आता डोळ्यांसमोर जगाचा नकाशा आणा. हिंदी महासागरात आपले मॉरिशस आहे. तिथून पश्चिमेला निघा. मादागास्कर ओलांडा, आफ्रिका खंड ओलांडा, मग अटलांटिक महासागर ओलांडा. पलीकडच्या किनाऱ्याजवळ लहान लहान बेटांची एक रांग दिसेल. एखाद्या तुटलेल्या माळेचे मणी ओळीने पडावेत, तशी ती बेटे दिसतात. हा कॅरिबियन समुद्राचा भाग. त्या रांगेत ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन बेटांच्या मधे एक बेट आहे. त्याचे नाव डोमिनिका. डोमिनिकन रिपब्लिक नावाचा दुसरा एक देशही त्याच समुद्रात आहे. तो वेगळा. आपला आजचा देश नुसता डोमिनिका.

डोमिनिका आपल्या बेटाच्या निम्म्याहूनही लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ साधारण ७५० चौरस किलोमीटर. पण त्याचे डोंगर मात्र आपल्यापेक्षा उंच! आपले सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे, तर त्यांचे १,४४७ मीटरचे. तिथल्या एका मोठ्या डोंगराचे नाव आहे मोर्न त्र्वा पितों. 'मोर्न' आणि 'पितों' हे शब्द ऐकून तुम्ही हसलात ना? आपल्याकडेही ल मोर्न आहे आणि पितोंही आहेत. याचे कारण सोपे आहे. डोमिनिकावर आधी फ्रेंच लोक आले आणि पुढे इंग्रजांचे राज्य झाले. आपल्याकडेही तसेच घडले. म्हणून तिथले लोक शाळेत इंग्रजी शिकतात आणि घरी क्रिओल बोलतात. त्यांची क्रिओल आपल्या क्रिओलची दूरची बहीणच म्हणा.

त्याच्याही आधीपासून त्या बेटावर कालिनागो नावाचे लोक राहत होते. ते आजही तिथे राहतात. १४९३ साली कोलंबसाच्या जहाजांना हे बेट दिसले, तो रविवार होता. 'डोमिनिका' या नावाचा अर्थच रविवार.

परक्या राज्यकर्त्यांनी तिथल्या मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे पकडून आणली आणि त्यांना गुलाम केले. ही गुलामगिरी डोमिनिकात १८३४ साली संपली. आपल्याकडे ती १८३५ साली, १ फेब्रुवारीला संपली. म्हणून त्या दिवशी आपल्या शाळेला सुट्टी असते. पुढे आपले मराठी पूर्वज कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून इथे आले आणि उसाच्या शेतांत राबले. तेव्हा गुलामांची आणि मजुरांची नातवंडे शिकून मोठी कशी झाली, ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही.

तर मुलांनो, अशा त्या डोमिनिका बेटावर प्वांत मिशेल नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे १५ मे १९१९ रोजी एक मुलगी जन्मली. तिचे नाव मेरी युजीनिया चार्ल्स. तिचे आजी-आजोबा एके काळी गुलामगिरीत राहिलेले होते. वडील आधी गवंडी होते. दगडावर दगड रचून भिंती बांधायच्या, हे त्यांचे काम. पण ते मोठे कष्टाळू आणि हिशेबी होते. त्यांनी हळूहळू जमीन घेतली, फळांचा व्यापार सुरू केला आणि चांगली संपत्ती मिळवली. पैसे आले, तेव्हा त्यांनी ते मुलांच्या शिक्षणावर खर्च केले. मुलगा-मुलगी असा भेद केला नाही.

युजीनिया आधी डोमिनिकाच्या राजधानीत, म्हणजे रोझो शहरात शिकली. पुढच्या शिक्षणासाठी ती ग्रेनेडा नावाच्या दुसऱ्या बेटावर गेली. ग्रेनेडाचे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

शाळा संपल्यावर तिने न्यायालयात नोकरी धरली. तिथे रोज खटले चालत. कोणाची जमीन, कोणाची चोरी, कोणाचे भांडण! दोन्ही बाजू बोलत, साक्षीदार सांगत आणि मग न्यायाधीश निकाल देत. युजीनिया हे सारे पाहत असे. मोठ्या माणसालाही तिथे प्रश्न विचारता येतात आणि गरिबालाही आपली बाजू मांडता येते, हे तिने पाहिले. तिच्या मनाने घेतले, आपण वकील व्हायचे.

पण त्या काळी डोमिनिकात एकही स्त्री वकील नव्हती. विद्यापीठही नव्हते. मग ती समुद्र ओलांडून कॅनडात गेली आणि टोरांटो विद्यापीठाची पदवीधर झाली. तिथून लंडनला जाऊन ती बॅरिस्टर झाली. १९४९ साली ती मायदेशी परतली आणि रोझोमध्ये वकिली करू लागली. डोमिनिकातली ती पहिली स्त्री वकील. आता तिला आपण 'ती' म्हणून चालणार नाही. आता त्या युजीनियाबाई झाल्या!

पुढची जवळजवळ वीस वर्षे युजीनियाबाईंनी वकिली केली. नाव मिळाले, पैसा मिळाला. राजकारणात त्या पडल्या नाहीत. पण १९६८ साली एक गोष्ट घडली आणि त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

तेव्हा डोमिनिका इंग्रजांच्या ताब्यातून पूर्ण मोकळा झाला नव्हता, पण देशातला कारभार तिथलेच पुढारी पाहत होते. त्या सरकारने गरीब शेतकऱ्यांसाठी चांगली कामे केली होती, त्यामुळे ते लोकांचे आवडते होते. मात्र वर्तमानपत्रांतून होणारी टीका सरकारला आवडेना. म्हणून त्याने एक कायदा आणला. सरकारविरुद्ध लोकांना भडकवणारे किंवा सरकारला अयोग्य वाटणारे काही छापले, तर छापणाऱ्याला शिक्षा होईल, असा तो कायदा होता. आता अयोग्य काय, हे कोण ठरवणार? सरकारच! म्हणजे ज्याच्यावर टीका करायची, त्याच्याच हातात छडी. लोकांनी या कायद्याला चिडून नाव दिले, 'तोंड बंद करा' कायदा.

मुलांनो, युजीनियाबाईंचे स्वतःचे त्यात काय बिघडणार होते? त्यांची वकिली उत्तम चालली होती. वय एकोणपन्नास वर्षांचे. गप्प बसल्या असत्या तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण न्यायालयात त्यांनी एक गोष्ट शिकली होती. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय न्याय होत नाही. जी गोष्ट न्यायालयात खरी, तीच देशातही खरी. राजा असो की पुढारी, त्याची चूक त्याला दाखवणारे कोणीतरी हवे. सगळ्यांची तोंडे बंद केली, तर चूक सुधारणार कशी?

त्या सभांमधून बोलू लागल्या. वर्तमानपत्रांचे संपादक आणि इतर नागरिक त्यांच्याबरोबर आले. कायदा काही मागे घेतला गेला नाही. पण या लोकांनी मिळून त्याच वर्षी एक नवा पक्ष काढला. त्याचे नाव डोमिनिका फ्रीडम पार्टी. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य. युजीनियाबाई त्या पक्षाच्या पुढारी झाल्या.

मग त्या लगेच निवडून आल्या असतील, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. १९७० साली त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि हरल्या! पुष्कळ लोकांना वाटे, ही श्रीमंताघरची, शहरातली, परदेशात शिकलेली बाई. हिला आमच्या केळीच्या बागांतले काय कळणार? लोकांच्या मनातली ही शंका दूर करायला वेळ लागणार होता.

हरल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. देशाचे कायदे जिथे होतात, त्या सभागृहात काही सदस्य नेमलेले असत. त्यांपैकी एक म्हणून त्यांना जागा मिळाली. तिथे त्या सरकारला प्रश्न विचारू लागल्या. पैसा कुठे खर्च झाला? काम का झाले नाही? त्यांचे बोलणे सरळ आणि धारदार असे. १९७५ साली मात्र त्या मतांनी निवडून आल्या आणि विरोधी पक्षनेत्या झाल्या.

याच काळातली एक गंमत सांगते. सभागृहात कोणी कोणते कपडे घालावेत, याचा नियम करण्याचे घाटत होते. युजीनियाबाईंना हे मुळीच पटले नाही. देशापुढे एवढे प्रश्न असताना कपड्यांची चर्चा कशाला? मग त्या सभागृहात आल्या, त्या पोहण्याचा पोशाख घालून! वरून वकिलाचा काळा झगा होताच. त्यांचा हा निषेध आजही डोमिनिकातले लोक हसत हसत सांगतात.

३ नोव्हेंबर १९७८ रोजी डोमिनिका स्वतंत्र झाला. आपण १९६८ साली स्वतंत्र झालो, त्यानंतर दहा वर्षांनी. कोलंबसाला ते बेट दिसले, तो दिवसही ३ नोव्हेंबरच होता, पण ४८५ वर्षांपूर्वीचा.

स्वातंत्र्याचे पहिले वर्ष मात्र फार कठीण गेले. सरकारने वर्तमानपत्रांवर आणि कामगारांच्या संपावर बंधने घालणारे कायदे आणायचे ठरवले. युजीनियाबाईंनी आणि इतर अनेकांनी त्याला विरोध केला. २९ मे १९७९ रोजी रोझोमध्ये हजारो लोक निषेध करायला जमले. तेव्हा सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि एका तरुणाचा जीव गेला. सगळा देश हळहळला आणि संतापला. कामे बंद पडली. शेवटी पंतप्रधानांना पद सोडावे लागले आणि थोड्या काळासाठी दुसरे सरकार आले.

बरोबर तीन महिन्यांनी, २९ ऑगस्टला, डेव्हिड नावाचे चक्रीवादळ बेटावर येऊन धडकले.

चक्रीवादळ म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. वादळाची सूचना लागली की आपण खिडक्या घट्ट लावतो, पाणी भरून ठेवतो, मेणबत्त्या काढतो. घरच्या मोठ्या माणसांना १९७५ सालच्या झेर्वेझ वादळाबद्दल विचारा. ते कितीतरी सांगतील. डेव्हिडचा वारा ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने वाहत होता. घरांची छपरे कागदासारखी उडाली. झाडे मुळासकट पडली. माणसे दगावली. दर चार माणसांतली तीन बेघर झाली.

शिवाय डोमिनिकाचे मुख्य पीक केळी. आपला ऊस वादळात वाकतो आणि पुष्कळदा पुन्हा उभा राहतो. केळ तशी नसते. तिचे खोड मऊ असते. मोठ्या वाऱ्यात ती मोडून आडवी होते. त्या एका दिवसात शेतकऱ्यांच्या बागाच्या बागा भुईसपाट झाल्या.

अशा मोडलेल्या देशात जुलै १९८० मध्ये निवडणूक झाली. सभागृहाच्या २१ जागांपैकी १७ जागा युजीनियाबाईंच्या पक्षाला मिळाल्या. दहा वर्षांपूर्वी ज्या लोकांनी त्यांना नाकारले होते, त्यांच्याच देशाने आता त्यांच्यावर विश्वास टाकला. २१ जुलै १९८० रोजी त्या पंतप्रधान झाल्या. तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. या वयात पुष्कळ माणसे निवृत्त होतात. कॅरिबियन भागातल्या इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पंतप्रधान झालेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

आणि पुढे काय झाले असेल? पंधरवड्याच्या आतबाहेर ॲलन नावाचे दुसरे चक्रीवादळ आले! नव्याने लावलेल्या केळी पुन्हा पडल्या. पण रडत बसायला वेळ कुठे होता? बाहेरच्या देशांकडून मदत मिळवायची आणि मिळालेला पैसा योग्य ठिकाणी जातो की नाही, ते पाहायचे. देशाच्या पैशांचे खाते युजीनियाबाईंनी स्वतःकडेच ठेवले. उधळपट्टी आणि लाचखोरी त्यांना खपत नसे. कर चुकवणाऱ्यांना त्या सोडत नसत. फुटलेले रस्ते पुन्हा बांधले गेले. रस्ता नसेल तर केळीचा घड डोंगरावरून बंदरापर्यंत जाणार कसा? आणि घड बोटीवर चढला नाही, तर शेतकऱ्याच्या मुलाची वह्या-पुस्तके येणार कुठून?

१९८१ साली आणखी एक संकट आले. त्यांचे सरकार शस्त्रांच्या बळावर उलथून टाकण्याचा कट रचला गेला. पैसे घेऊन लढणारी परदेशी माणसे बोटीने डोमिनिकावर उतरणार होती. पण बोटीवर चढण्याआधीच अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स इथे ती पकडली गेली. त्याच वर्षाच्या शेवटी देशातल्याच काही जणांनी पोलिसांवर हल्ला केला. तोही फसला. आपले सैन्यच विश्वासाचे राहिले नाही, हे पाहून युजीनियाबाईंच्या सरकारने ते या हल्ल्याआधीच बरखास्त केले होते. डोमिनिकाला आज सैन्य नाही. पोलीसच देशाचे रक्षण करतात. आपल्या मॉरिशसलाही वेगळे सैन्य नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे ना?

अशा खंबीरपणामुळे जगातले लोक त्यांना 'कॅरिबियनची पोलादी स्त्री' म्हणू लागले. त्यांच्या देशातले लोक मात्र प्रेमाने 'मामो' म्हणत.

आता ग्रेनेडाची आठवण काढू या. युजीनिया शाळेत शिकायला गेली होती, तेच बेट. १९८३ साली ऑक्टोबर महिन्यात तिथे सत्तेसाठी भांडण झाले आणि तिथल्या पंतप्रधानांना ठार मारण्यात आले. शेजारच्या बेटांना भीती वाटली. त्या बेटांच्या संघटनेच्या अध्यक्ष तेव्हा युजीनियाबाई होत्या. त्यांनी अमेरिकेकडे मदत मागितली. अमेरिकेचे सैन्य ग्रेनेडात उतरले. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या शेजारी उभे राहून युजीनियाबाईंनी जगाला आपली बाजू सांगितली.

हे त्यांनी बरोबर केले का? याविषयी एकमत नाही. काहींना वाटले, शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर धावून जायलाच हवे. काहींना वाटले, लहान देशात मोठ्या देशाचे सैन्य घुसणे चूकच. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मतदान करून या कारवाईबद्दल नापसंती दाखवली. मुलांनो, मोठ्या माणसांचे सगळेच निर्णय सगळ्यांना पटतात असे नाही. पण युजीनियाबाई लपून राहिल्या नाहीत. निर्णय घेतला आणि टीका ऐकायलाही उभ्या राहिल्या.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या पंतप्रधान असताना वर्तमानपत्रे त्यांच्यावरही टीका करत. विरोधक त्यांच्याविरुद्ध सभा घेत. त्यांना राग येत नसे का? येत असणारच! त्यांची जीभ तिखट होती, त्या फटकळपणे उत्तर देत. पण जे स्वातंत्र्य त्यांनी स्वतःसाठी मागितले होते, ते दुसऱ्यांना नाकारून कसे चालेल? आपल्याला बोलू द्या असे म्हणणे सोपे असते. आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याला बोलू देणे कठीण असते.

आणि लोकही आपले मत दर वेळी मतपेटीतून सांगत होते. १९८५ साली युजीनियाबाईंच्या पक्षाला २१ पैकी १५ जागा मिळाल्या. १९९० साली ११ मिळाल्या. म्हणजे बहुमत होते, पण अगदी काठावर. लोकांच्या तक्रारी वाढल्या होत्या. १९९५ साली त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचा पक्ष हरला आणि दुसऱ्या पक्षाचे सरकार आले. गोळी नाही, दंगा नाही. मतांनी मिळालेली सत्ता मतांनीच दुसऱ्याकडे गेली. १९७९ सालचा तो मे महिना आठवा, म्हणजे ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल.

त्यांच्या काळातली आणखी एक आठवण सांगते. पर्यटक यावेत म्हणून पुष्कळ बेटांवर जुगाराचे अड्डे आणि रात्रभर चालणारे नाचगाण्याचे क्लब उघडले गेले. युजीनियाबाईंनी ते नको म्हटले. आमच्याकडे डोंगर आहेत, नद्या आहेत, जंगले आहेत. ती पाहायला या, असे त्यांचे म्हणणे. मोर्न त्र्वा पितोंच्या परिसराला १९९७ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपल्या ल मोर्नला तो मान २००८ साली मिळाला.

१९९१ साली इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी त्यांना 'डेम' हा किताब दिला. पण मला त्यांची याहून आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. पंतप्रधानपद सोडल्यावर त्या अमेरिकेत वॉशिंग्टनला गेल्या आणि एका विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या! नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर वर्गात बसायला त्यांना संकोच वाटला नाही. उद्या गणिताचा गृहपाठ जास्त आहे म्हणून तुम्ही कुरकुर करायला लागलात, तर या शहात्तर वर्षांच्या विद्यार्थिनीची आठवण करा.

६ सप्टेंबर २००५ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, शेजारच्या मार्टिनिक बेटावरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

डोमिनिकावरची वादळे काही थांबली नाहीत. २०१७ साली मारिया नावाच्या वादळाने पुन्हा फार मोठे नुकसान केले. लोक पुन्हा उभे राहिले. २०२३ साली सिल्व्हानी बर्टन या डोमिनिकाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री आणि बेटावर आधीपासून राहणाऱ्या कालिनागो लोकांमधून आलेल्या पहिल्या राष्ट्राध्यक्ष. एकीने वाट काढली की मागून येणारीला चालणे सोपे जाते.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे वळू या. "जो बोलेल, त्याला शिक्षा होईल," असे कोणी म्हटले, तर तुम्ही काय कराल? मला ठाऊक आहे, भीती वाटेल. मलाही वाटेल. युजीनियाबाईंनाही वाटली असेल. भीती वाटणे ही चूक नाही. पण आपल्यासमोर अन्याय होत असेल, तर तो सांगावा. आईला सांगावा, बाबांना सांगावा, शिक्षकांना सांगावा. सांगताना खरे तेच सांगावे, वाढवून सांगू नये. दुसऱ्याची बाजूही ऐकून घ्यावी. आणि नुसते बोलून थांबू नये. मोडलेले पुन्हा बांधायला स्वतःही हात लावावा.

१२ मार्चला आपला झेंडा वर चढेल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण एवढेही आठवा, की स्वतंत्र देशात प्रत्येकाच्या तोंडाला शब्द असतो आणि प्रत्येकाच्या कानाला काम असते.



शब्दार्थ

गवंडी : घरे, भिंती बांधणारा कारागीर
हिशेबी : पैसे जपून व विचाराने खर्च करणारा
घाटणे : एखादी गोष्ट करण्याचे चालू असणे
निषेध : एखादी गोष्ट पटत नाही हे उघडपणे दाखवणे
भुईसपाट होणे : जमिनीसारखे सपाट होणे, पूर्ण नष्ट होणे
बरखास्त करणे : मोडून टाकणे, बंद करणे
कट रचणे : गुप्तपणे वाईट योजना करणे
फटकळ : तोंडावर स्पष्ट व रागाने बोलणारा
किताब : मानाची पदवी
संकोच : लाज, अवघडलेपणा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'डोमिनिका' या नावाचा अर्थ काय?
(आ) युजीनियाबाईंचा जन्म कोणत्या गावी झाला?
(इ) १९६८ सालच्या कायद्याला लोकांनी कोणते नाव दिले?
(ई) डोमिनिकाचे मुख्य पीक कोणते?
(उ) डोमिनिकातले लोक युजीनियाबाईंना प्रेमाने काय म्हणत?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) न्यायालयातल्या नोकरीत युजीनियाला काय पाहायला मिळाले?
(आ) १९७० साली लोकांनी युजीनियाबाईंना निवडून का दिले नाही?
(इ) वादळात ऊस आणि केळ यांचे काय होते?
(ई) "हे त्यांनी बरोबर केले का?" ग्रेनेडाच्या घटनेबद्दल लोकांची कोणती दोन मते होती? तुम्हांला कोणते पटते? का?

३. रिकाम्या जागा भरा.
(अ) डोमिनिका ग्वादलूप आणि ______ या बेटांच्या मधे आहे.
(आ) १९८० साली युजीनियाबाईंच्या पक्षाला २१ पैकी ______ जागा मिळाल्या.
(इ) वयाच्या ______ वर्षी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
गरीब, स्वातंत्र्य, हरणे, मऊ, सोपे, विश्वास

५. वाक्यात उपयोग करा.
घरी बसणे, मनाने घेणे, भुईसपाट होणे, विश्वास टाकणे

६. उपक्रम
(अ) घरातल्या मोठ्या माणसांना त्यांनी पाहिलेल्या एखाद्या चक्रीवादळाविषयी विचारा. त्यांनी सांगितलेली आठवण आठ-दहा ओळींत लिहा.
(आ) वर्गाचे दोन गट करा. "शाळेत खेळाचा तास वाढवावा की नाही?" या विषयावर प्रत्येक गटाने आपली बाजू मांडावी. एक गट बोलत असताना दुसऱ्या गटाने शांतपणे ऐकावे.